रोपवाटिकेपाशी उतरलेली बाई

राळेगावच्या एसटीत ती माह्या बाजूला बसली होती. लुगड्यावर मजुरीचा मर्दानी शर्ट, पण कडक इस्त्रीचा. घडीघडी कॉलर नीट करे.

"रोपवाटिकेतून काढलं होतं मले. कोर्टानं परत कामावर घ्याले लावलं! आज पह्यला दिवस," असं तिनं अख्ख्या गाडीले सांगतलं.

रोपवाटिका दिसली तशी ती उठली. कंडक्टर म्हणे, "इथं स्टॉप नाही, बाई. पुढं फाट्यावर उतरजा."

"अन् आजच उशीर करू? कोर्टानं मोठ्या सायबाले माह्यं ऐकाले लावलं, तू कोणता मोठा रे?"

सारी गाडी हासली. मी जनमात कोणासाठी जागेवरून उठलो नाही. त्या दिवशी उठलो अन् घंटीची दोरी मीच ओढली.

कंडक्टरनं डोळे वटारले. म्या म्हटलं, "पाह्यतं काय? कोर्टाचा हुकूम हाय!"