मास्तरांचा आवाज बसला होता

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोला अर्धं माहीत आहे, उरलेलं अर्धं तिने कधी विचारलं नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? खरं सांगू — मलाही नीट कळत नाही. तुम्ही ओळखीचे नाही, एवढं एक बरं आहे. ओळखीच्या माणसापुढे माझी दातखीळ बसते.

गाण्यापासून सुरू करतो, म्हणजे जरा धीर येईल. आम्ही बौद्ध, मूळचे शिंदखेड्याचे. आमच्याकडे एप्रिल उजाडला की जयंतीचे गाण्याचे कार्यक्रम लागतात. स्टेज, पेटी, ढोलक, मागे कोरसला चार जण आणि समोर सतरंज्या टाकून बसलेली अख्खी वस्ती. धुळ्याचे एक गायक होते — होते काय, आहेत! — त्यांना सगळे मास्तर म्हणतात. माझे वडील, नाना, या मास्तरांचे वेडे. वेडे म्हणजे किती? नरडाण्याला कार्यक्रम असला की सायकल मारत जायचे, रात्रभर ऐकायचे आणि सकाळी तसेच कापसाच्या जिनिंगमध्ये कामावर हजर. डोळे लाल, घसा बसलेला, तरी मान आपली चालीवर डोलतेय. आई म्हणायची, "तुम्ही मास्तरसंगेच लगीन कराले जोयजे व्हतं." नाना हसायचे आणि तेच गाणं आणखी मोठ्याने म्हणायचे.

नानांची एक रीत होती. गाणं रंगलं की उठायचे, टोपी सरळ करायचे, स्टेजपाशी जाऊन मास्तरांच्या हातात बक्षिसाची नोट ठेवायचे आणि त्यांच्या कानाशी लागून म्हणायचे, "मन्हा पोर्‍यानं नाव ल्या." माझं नाही हं, माझ्या पोराचं नाव घ्या. मग मास्तर गाणं मध्येच थांबवून माइकवर जाहीर करायचे — शिंदखेड्याचे अमुक अमुक, यांचे चिरंजीव अमुक, दहावी पास, समाजाचं भूषण, यांच्याकडून बक्षीस, जय भीम! सगळी वस्ती मागे वळून बघायची. मी शरमेने आईच्या पदराआड जायचो, पण खोटं कशाला बोलू, आतून गुदगुल्या व्हायच्या. पुढे बारावी झालो, डिग्री घेतली, नोकरी लागली. माझं सगळं प्रगतिपुस्तक मास्तरांनी माइकवर वाचलेलं आहे.

नोकरी जळगावला, एका खासगी कंपनीच्या परचेस विभागात. घर घेतलं रिंगरोडच्या पलीकडच्या कॉलनीत. आता इथे — इथे जरा अडखळायला होतं.

आमचं आडनाव असं आहे की ते आमच्यातही असतं आणि आणखी दोन-तीन समाजांतही. खान्देशात हे पुष्कळ. म्हणून लोक आडनावावर थांबत नाहीत, पुढचं विचारतात — "सोयरे कुठले?" शेजारच्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं. मी म्हणालो, "पहूरचे." बायकोचं माहेर पहूर, त्यात खोटं काय होतं? पण पहूर एवढं मोठं गाव, तिथे सगळ्या जातीचे लोक राहतात. काकूंनी त्यांना हवे ते सोयरे धरले. "म्हणजे आपल्यातलेच की!" म्हणाल्या. आणि मी हसलो. नाही म्हणालो नाही, हो म्हणालो नाही, नुसता हसलो.

त्या एका हसण्यावर मी किती वर्षं काढली! हॉलमधले फोटो आतल्या खोलीत गेले. चारचौघांत गावाकडचा फोन आला आणि पलीकडून कुणी जय भीम म्हणालं की मी "हां हां, नमस्कार, बोला" म्हणायचो. कुणी मला काही केलं होतं का? छे. कुणी वाकडा शब्द बोललं होतं? तेही नाही. मीच आपला आधीपासून घाबरून बसलेलो. नाना आले की दोन दिवस माझा जीव टांगणीला — कुणाशी काय बोलतील, दारात बसून गाणं म्हणतील का. ते आपले साधेपणाने सगळ्यांना जय भीम घालायचे आणि मी त्यांना आत बोलावून घ्यायचो, चहा निवतोय म्हणून. चहा अजून चुलीवरही चढलेला नसायचा.

मग नाना आजारी पडले. जन्म जिनिंगमध्ये गेला, कापसाची धूळ सगळी छातीत. धुळ्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, आता त्यांचं मन मोडू नका. घरी आणलं तर नाना काय मागतील? गोडधोड नाही, नातवंडं नाहीत, काही नाही. मास्तर मागितले. एकदा मास्तरांना समोर बसून ऐकायचं. आणि नशीब बघा — त्याच एप्रिलात मास्तर जळगावला येणार होते. कुठे? आमच्या कॉलनीच्या मागच्या मैदानात.

नानांचा फोन आला. एवढा आनंद! दम लागत होता, तरी बोलताहेत. "मी येस तुन्हाकडे. माले पुढे बसाडजो." मी म्हणालो, नाना, कशाला दगदग, मोबाइलवर सगळी गाणी आहेत, लावून देतो. त्यावर ते म्हणाले, "मोबाइलमधला मास्तर माले दखस का रे?"

तो मला बघतो का, असं विचारत होते. गाणं त्यांना पाठच होतं हो. त्यांना मास्तरांनी बघायला हवं होतं.

आणि मला काय दिसत होतं? नाना उठताहेत, टोपी सरळ करताहेत, मास्तरांच्या कानाशी लागताहेत. मग कर्ण्यावरून माझं नाव, माझ्या आडनावासकट, माझ्या कंपनीसकट, साऱ्या कॉलनीत. काकू गॅलरीत उभ्या. माझी पाचावर धारण बसली.

मी म्हणालो, "नाना, कार्यक्रम रद्द झालाय."

"काबरं?"

"मास्तरांचा आवाज बसलाय. डॉक्टरांनी गायला मनाई केलीय."

पोलिसांची परवानगी मिळाली नाही म्हणालो असतो तरी चाललं असतं. पाणी आलं, वारा आला, काहीही. पण नाही, मला हेच सुचलं. नानांना दुसरं कुठलंही कारण अडवू शकलं नसतं, एवढं मी त्यांना चांगलं ओळखत होतो. खोटं बोलताना माणसाची अक्कल इतकी तल्लख कशी चालते? वर वस्तीतल्या पोरांना फोन केले — नानांना प्रवास झेपायचा नाही, त्यांच्यासमोर कार्यक्रमाचा विषय काढू नका. पोरं म्हणाली, बरोबर आहे भाऊ, काळजी करू नका. सगळ्यांना वाटलं, पोरगा बापाला किती जपतो.

आवाज बसल्याचं ऐकून नाना फोनवर एवढंच म्हणाले, "बिचारा." स्वतःच्या कार्यक्रमाचं काही नाही. मास्तरांसाठी बिचारा म्हणाले.

एप्रिल सरल्यावर मी शिंदखेड्याला गेलो. नानांनी उशाखालून एक पुरचुंडी काढली. ज्येष्ठमध आणि अडुळसा. आईकडून खलात कुटून घेतलेलं, स्वतः वस्त्रगाळ केलेलं — चाळताना ती पूड नाकात जाऊन केवढा ठसका लागला म्हणे त्यांना. "मास्तरले दे," म्हणाले. "सांगजो, कोमट पानीसंगे." ज्याच्या छातीतून धड श्वास निघत नव्हता तो माणूस दुसऱ्याच्या घशाची काळजी करत होता, आणि त्या घशाला काहीच झालेलं नव्हतं.

मी पुरचुंडी घेतली. परतीच्या पॅसेंजरमध्ये, अमळनेर सोडल्यावर, खिडकीतून टाकून दिली. घरी नेली असती तर बायकोने विचारलं असतं ना, हे काय म्हणून.

"दिधं का रे?" फोनवर नानांनी विचारलं.

"दिलं."

"काय म्हनात मास्तर?"

"तुमची आठवण काढली," मी म्हणालो. हे एवढं मात्र खरं होतं. कसं, ते शेवटी सांगतो. आत्ता धीर होत नाही.

त्यानंतर प्रत्येक फोनला पहिला प्रश्न तोच. "मास्तरना आवाज उना का रे?" मी म्हणायचो, अजून नाही. का नाही म्हणालो, आला म्हणून? आला, बरे झाले, गाताहेत — एवढं म्हणायला काय लागत होतं? पण आला म्हणालो असतो तर नाना म्हणाले असते, मग चाल, माले लई चाल — मला घेऊन चल. म्हणून मी मास्तरांना शेवटपर्यंत मुकं ठेवलं. गणपतीच्या आसपास नाना गेले. जाईपर्यंत त्यांच्या लेखी मास्तरांचं गाणं संपलेलं होतं.

बातमी कळताच शेजारच्या काकू आल्या. बायकोला जवळ घेतलं, दोन शब्द बोलल्या, आणि निघताना मला विचारलं, "जलदान कधी आहे?"

तुमच्या लक्षात आलं का? त्यांच्यात दिवसकार्याला गंधमुक्ती म्हणतात. जलदान हा शब्द आमचा. काकूंनी तो किती सहज उच्चारला! कधीपासून ठाऊक होतं त्यांना? एक वर्ष, पाच वर्षं? बहुधा सगळ्या कॉलनीलाच ठाऊक होतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. मी चप्पल घालत दारात उभा होतो, तसाच खाली बसलो.

जलदानाला मास्तर आले. कुणी बोलावलं नव्हतं, आपणहून आले, पेटी घेऊन. नानांच्या फोटोसमोर बसले आणि गायले. काय गायले हो! सत्तरीतला माणूस, पण आवाज कसा खणखणीत, मांडवाबाहेर उभ्या बायाही रडायला लागल्या. गाणं संपल्यावर आई पुढे झाली. इतक्या दुःखातही तिचा चेहरा उजळला होता. म्हणाली, "औषध लागू पडनं मास्तर. नानास्नी धाडेल व्हतं."

मास्तर गोंधळले. "कसलं औषध वहिनी? माझ्या घशाला कुठे काय झालं होतं? गेल्या एप्रिलात तर जळगावलाच —"

आईने त्यांना पुढे बोलू दिलं नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग हसून मास्तरांना म्हणाली, "म्हातारपन शे मास्तर, काय बी बोलस मी." आणि त्यांच्यासाठी चहा आणायला आत गेली. भरल्या मांडवात, नवऱ्याच्या जलदानाला, आईला माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं.

माणसं पांगल्यावर तिने एकच विचारलं. "त्या दिन तू कोठे व्हता?"

मी म्हणालो, "घरी."

घरी नव्हतो मी. हेच सांगायला एवढा वळसा घातला. त्या संध्याकाळी मैदानातून पेटीचा सूर आला आणि मला घरात बसवेना. मीही त्यांचाच पोरगा ना, तीच गाणी ऐकत वाढलेला. जळगावचा एप्रिल, सगळे गाडीवाले तोंडाला रुमाल बांधून फिरतात. मीही बांधला आणि जाऊन बसलो — पुढे, अगदी पुढे, जिथे नानांना बसायचं होतं. मास्तर रंगात होते. त्या संध्याकाळसारखं गाणं मी पुन्हा ऐकलं नाही. लोक म्हणतात, जुनी एखादी मैफल पुन्हा अनुभवता आली असती तर! मला तीच हवी आहे, तीच एक, आणि तिथे आता काहीही बदलता येत नाही.

तर एक गाणं संपलं. मास्तर पाणी प्यायले, समोरच्या सतरंज्यांवरून नजर फिरवली आणि माइकवर म्हणाले, "आमचे शिंदखेड्याचे नाना दिसत नाहीत आज. नाना आलेत का?" लोक माना वळवून बघायला लागले. मग त्यांनी माझं पूर्ण नाव घेतलं. आडनावासकट, अगदी नानांनी शिकवलं होतं तसं. "त्यांचे चिरंजीव इथेच जळगावात असतात. ते तरी आलेत का? आले असतील तर हात वर करा, नानांच्या आवडीचं गातो."

शेजारचा माणूस इकडेतिकडे बघत मला म्हणाला, "कोण हो हे? ओळखता का?"

मी रुमालातूनच म्हणालो, "नाही."

मास्तरांनी क्षणभर वाट पाहिली. मग नानांच्या आवडीचं गाणं तरीही गायले, आणि गाणं संपल्यावर सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या.