गरम पाण्याचा कोपरा

काहीही विचारलं की भाऊ खांद्यावरचा टॉवेल झटकायचे आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणायचे, "हाय की!"

तुंगार्लीतल्या भाड्याने द्यायच्या ज्या बंगल्यात मी पाहुण्यांचं बुकिंग बघायचे, तिथे ते राखणदारही होते आणि स्वयंपाकीही. गच्चीवरून तळं दिसतं का? हाय की! दिसायचं, फक्त पाण्याच्या टाकीवर चढावं लागायचं. शिडी भाऊ धरायचे. मोबाईलला रेंज आहे का? हाय की! मग ते पाहुण्यांना फाटकाबाहेरच्या जांभळाखाली नेऊन उभं करायचे. मोठ्या माणसांना खुर्चीही आणून द्यायचे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांना खोटं बोलायचं नसतं. समोरच्याचा चेहरा पडू नये एवढंच त्यांना हवं असतं, आणि मग दिलेला शब्द खरा करायला ती दिवसभर धावतात.

खरं तर फोन घेणं माझं काम होतं. पण अनोळखी माणसाशी बोलायला मी घाबरते. मेसेज कितीही लिहीन. त्यामुळे फोन वाजला की मी तो भाऊंच्या हातात द्यायचे आणि वहीत फार महत्त्वाचं काही लिहीत असल्यासारखं करायचे.

पुण्याच्या मॅडमना, म्हणजे बंगल्याच्या मालकिणीला, हे माहीत नव्हतं. त्यांच्यापर्यंत फक्त तक्रारी जायच्या. त्यांनी भाऊंना बजावलं होतं, "अजून एक तक्रार आली, तर नोकरी गेली समजा. गावी वडिवळ्याला जायचं आणि भात लावायचा."

जानेवारीत एका कुटुंबाने फोनवर विचारलं, "पूलचं पाणी गरम असतं का?" फोन अर्थातच भाऊंकडे होता.

"हाय की!"

शनिवारी सकाळी येऊन बघते, तर मागच्या हिरवळीवर तीन विटांची चूल पेटलेली आणि भाऊ पहाटेपासून हंडे तापवतायत.

"भाऊ, एवढा मोठा पूल हंड्यांनी तापणार आहे का?"

"समदा कशाला तापवायचा? पाच तर मान्सं हायती. येक कोपरा करू."

पाहुण्यांनी पाय बुडवला आणि सगळे एकदम किंचाळले. भाऊ हंडा घेऊन हजर. "हिकडं सरका, हिकडं! आजी, तुमी मधी!" ते पाणी ओतायचे आणि पाचही जण कोंबडीच्या पिलांसारखे तिथे गोळा व्हायचे. पाणी निवलं की पुढच्या हंड्याची वाट बघायचे. आजी तर बाहेर यायला तयार होईनात.

चुलीचा धूर आणि पूलमध्ये ओतले जाणारे हंडे मात्र मॅडमना पुण्यात बसून बंगल्यावरच्या कॅमेऱ्यात दिसले. त्यांचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"पाणी गरम असतं असं पाहुण्यांना कोणी सांगितलं?"

भाऊंनी तोंड उघडलं. ते "मी" म्हणणार आणि नोकरी जाणार, हे मला स्पष्ट दिसलं.

"माझी चूक आहे, मॅडम." मी मध्येच म्हणाले. "फोन मी घ्यायला हवा. मला भीती वाटते, म्हणून मी भाऊंना देते. आधीच्या तक्रारीही त्यामुळेच आल्या."

इतक्यात मागून आजी ओरडल्या, "भाऊ, अजून एक हंडा आणा!"

"तक्रार आहे का त्यांची?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"उद्यापासून फोन तूच घ्यायचास. आणि ती चूल आधी विझवा."

"व्हय, बाई. ह्यो हंडा झाला की," भाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी आयुष्यातला पहिला बुकिंगचा फोन घेतला. बोटिंग? नाही. डीजे? नाही. गरम पूल? नाही. सगळं खरं खरं सांगितलं. पलीकडच्याने फोन ठेवला.

"कोन व्हतं?" भाऊंनी विचारलं.

"पुढच्या शनिवारी चौघे येणार होते. पण आता नाही येणार."

दारात आलेल्याला मी उपाशी हाकललं असावं, तसे ते माझ्याकडे बघत राहिले.

"अगं पोरी, जेवायला तरी बोलवायचंस!"

त्या शनिवारी त्यांनी चार माणसांचा भात जास्त टाकला. कोणी आलं नाही. रविवारी सकाळी त्याला फोडणी देऊन आम्ही दोघांनी तो पातेलंभर भात संपवला.