टाकीला तहान नव्हती

त्याला कारखान्यात सगळे ‘टाकी’ म्हणायचे. वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं काम, तिथं पाणी कोण पीत नाही? पण हा गडी तांब्यामागून तांब्या रिचवायचा आणि सारखा मुतारीकडे पळायचा. “अरे, टाकी गळते का रे तुझी?” मिस्त्री ओरडायचा, आणि भट्टीवरचे सगळे खो खो हसायचे. हासुद्धा हसायचा. घरी बायकोला मात्र हसू येत नव्हतं. रात्रभर उठून उठून नवऱ्याचे डोळे खोल गेले होते, आणि पाणी जरा उशिरा मिळालं की त्याची जीभ टाळूला चिकटायची.

शेवटी निदान झालं. साखरेचं दुखणं नव्हे. लघवी आवरायला मेंदूतून जे द्रव्य सुटतं, तेच आटलं होतं. ते आता इंजेक्शननं द्यायचं. नर्सनं तिला शिकवलं: कुपी फ्रिजमध्ये, औषध सिरिंजवरच्या ठरल्या रेघेपर्यंतच, पोटाची चिमूट धरून टोचायचं. मग डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवलं.

“आजवर पाण्यानं यांना तारलं. आता औषध लघवी रोखणार. सवयीनं पीत राहिले तर पाणी अंगातच साठेल, रक्तातलं मीठ पातळ होईल, मेंदूला सूज येईल. खरी तहान लागली तरच प्यायचं. डोकं दुखलं, उलटी झाली, बोलणं भरकटलं, तर पाणी बंद, पुढचं इंजेक्शन बंद, आणि तडक इथं. कामावरही सांगून ठेवा.”

पहिल्या इंजेक्शननंतर तो रात्रभर गाढ झोपला. तिचा जीव भांड्यात पडला.

पण कामावर सांगायचं नाव काढलं की हा भडकायचा. “आजारी माणसाला उकळत्या लोखंडाजवळ कोण उभं करेल? भट्टीवरच्या त्या दमेकऱ्याला झाडलोटीवर टाकलंच ना! माझी शपथ आहे तुला.”

आता काय म्हणावं या माणसाला! शपथ घालून मोकळा झाला. आणि भट्टीवरची रीत अशी, की मिस्त्री दर पाळीला सगळ्यांना रांगेत पाणी पाजणार. चक्कर आली कोणाला, तर आणखी पाजणार. माणूस प्रेमळच होता. आता टाकीनंच तांब्या नाकारला तर दहा जण विचारणार, का रे बाबा? म्हणून हा तहान नसताना प्यायचा. नाव राखायला प्यायचा!

एकदा मिस्त्री घरी आला. “वहिनी, हल्ली मुतारीकडे फिरकत नाही हा. टाकी दुरुस्त केलीत वाटतं!” असं म्हणत तिनं दिलेला पाण्याचा पेला त्यानं हसत नवऱ्यापुढे केला. नवऱ्यानं तो घटाघट संपवला. तिच्या अगदी ओठावर आलं होतं. नवऱ्यानं डोळे वटारले, आणि ती चहा ठेवायला आत गेली.

मग ती सकाळ उजाडली. इंजेक्शन टोचून झालं आणि हा बोलला, “कालपासून डोकं ठणकतंय.” मोरीत जाऊन ओकला.

“अहो, चला दवाखान्यात. बाईंनी सांगितलं होतं ना!”

“पित्त आहे गं. उगाच घाबरतेस.” आणि डबा न घेताच गेला.

तिनं भांडी घासायला घेतली, आणि अर्ध्यातच टाकली. शपथ गेली खड्ड्यात, ती स्वतःशीच म्हणाली, आणि तशीच ओल्या हातांनी निघाली. कारखान्याच्या फाटकातून टेम्पो बाहेर येत होता. मागे मिस्त्रीच्या मांडीवर नवऱ्याचं डोकं, शर्ट छातीपर्यंत चिंब.

“गरमी चढली वहिनी, भलतंच काही बडबडत होता. घाबरू नका. दोघांनी धरलं आणि तांब्यावर तांबे पाजलेत मी!”

ती चढून नवऱ्याशेजारी बसली. टेम्पोतच नवऱ्याला झटके सुरू झाले.

दवाखान्यात पोचल्याबरोबर तिनं डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, इंजेक्शन, पाणी, सगळं. त्यांनी धावपळ केली, मिठाची बाटली लावली. संध्याकाळी बाहेर आल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “फार उशीर झाला होता.”

मिस्त्री भिंतीशी उकिडवा बसून लहान पोरासारखा रडत होता. “वहिनी, खरं सांगा. पाणी कमी पडलं का हो? आणखी पाजायला हवं होतं का मी?”

ती त्याच्याशेजारी टेकली. वेळेवर बोलली असती तर याच माणसानं तांब्या हिसकावून फेकला असता. ते सांगायची वेळ निघून गेली होती. आता सांगून याला जन्मभर जाळायचं?

“नाही दादा,” ती म्हणाली. “कमी नाही पडलं.”

त्यानं डोळे पुसले, उठला, कोपऱ्यातल्या पिंपातून पेला भरून आणला. “सकाळपासून काही घेतलं नसेल तुम्ही. दोन घोट प्या.”

तिनं पेला घेतला आणि त्याच्यासमोर सगळा प्यायली.