लाल तार, काळी तार

तुम्हाला जे सांगणार आहे ते माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. ती अशी, की माझ्या खिशातला रुमाल पाहून मी दिवसभर कुठे कुठे भटकलो ते सांगायची. एवढी एक गोष्ट मात्र तिच्यापासून शेवटपर्यंत लपून राहिली. आता ती नाही, दामूअण्णाही नाहीत. ज्याच्यासमोर मान खाली घालावी असं कुणी उरलं नाही — म्हणून सांगतोय का? असेल तसंच. त्यातही शौर्य नाही.

दामूअण्णा म्हणजे आमच्या दुकानाचे मालक. गिरगावातल्या एका गल्लीत रेडिओच्या सुट्या भागांचं त्यांचं छोटं दुकान होतं आणि मी तिथे काउंटरला होतो. तयार रेडिओ आम्ही विकत नसू. त्या काळी घरी बसून स्वतःच्या हाताने रेडिओ जोडणारे हौशी लोक पुष्कळ. त्यांच्यासाठी आम्ही एका व्हॉल्व्हच्या सेटचं सगळं सामान एका खोक्यात घालून देत असू, सोबत आकृतीचा कागद. तो कागद मराठीत छापलेला होता. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती, आणि मराठी माणसाने मराठीत वाचून रेडिओ जोडावा याचा दामूअण्णांना केवढा अभिमान! मलाही होता. सभांना जाऊन घसा बसेपर्यंत ओरडलोय मी. शेजारी परळ-लालबागचे गिरणी कामगार, खांद्याला खांदा लावून. तेव्हा आपण सगळे एक होतो — निदान सभा सुटेपर्यंत.

मी मॅट्रिक झालेला, जुन्या गिरगावकर घरातला. आजोबांची वाडी होती, वडिलांच्या वेळेला नुसता रुबाब उरला, आणि माझ्या वाट्याला काउंटर आलं. रुबाब मात्र मी सोडला नव्हता.

लोकांचे सेट वाजत नसत. हौशी हात — कुठे सोल्डरिंगचा डाग कच्चा राहायचा, कुठे तार चुकायची. मग ते दुकानात येऊन तणतणत. दामूअण्णा एकदा वैतागून म्हणाले, "अरे, गिऱ्हाईक रडत आलं तरी हसत गेलं पाहिजे. तू शिकलेला ना? कर की काहीतरी."

मी केलं. आणि चांगलं केलं, हे आजही सांगतो. दर रविवारी सकाळी दुकानात एक टेबल लावायचं. ज्याचा सेट वाजत नाही त्याने तो घेऊन यायचं, मी फुकट तपासणार. आणि एक तक्रारवही. तक्रार काय, कारण काय, उपाय काय केला — आणि शेवटचा रकाना ‘समाधान झाले’, तिथे गिऱ्हाइकाची सही. कारणाच्या रकान्यात दोनच गोष्टी लिहायच्या, ‘मालाचा दोष’ किंवा ‘जोडणीचा दोष’, आणि त्याखाली माझी सही. दोन-तीन महिन्यांत दुकानाचं नाव झालं. दादरहून, माटुंग्याहून लोक येऊ लागले. दामूअण्णा आल्यागेल्याला ती वही दाखवीत आणि माझ्या पाठीवर थाप मारीत. त्या थापेची मला चटक लागली होती.

आता कॉइलीचं सांगतो. सेटमध्ये एक कॉइल असते — पुठ्ठ्याच्या नळीवर तारेचे वेढे. त्यात दुसरे छोटे वेढे असतात आवाज वाढवण्यासाठी. त्याची दोन टोकं: एकाला लाल चिठ्ठी, एकाला काळी. ही टोकं उलट लागली तर काही मोडत नाही, जळत नाही. फक्त आवाज वाढत नाही. हेडफोनमध्ये पलीकडच्या खोलीत कुणी पुटपुटावं तसं ऐकू येतं, बस. टोकांची अदलाबदल केली की सेट बोलू लागतो.

या कॉइली मी घरी गुंडाळत असे. एका हरताळाच्या दिवशी बसून पुष्कळ केल्या. खाली रस्त्यावर गडबड होती, मी दर पाच मिनिटांनी गॅलरीत जाऊन येत होतो, आणि सगळ्या कॉइलींना चिठ्ठ्या उलट लावल्या. लालच्या जागी काळी, काळीच्या जागी लाल. गडबडीमुळे झालं असं म्हणता येईल. पण गडबड रस्त्यावर होती, माझ्या हातात नव्हती.

ते खोके विकले गेल्यावर माझ्या लक्षात आलं. रविवारच्या टेबलावर एकामागून एक तसलेच पुटपुटणारे सेट येऊ लागले. उरलेल्या कॉइलींच्या चिठ्ठ्या मी गुपचूप बदलल्या. आलेले सेट लाकडी आडोशामागे नेई, दोन तारा बदली, बाहेर आणून वाजवून दाखवी. "एक डाग सैल होता, साहेब. आपला नेहमीचा घोळ." गिऱ्हाईक खूश. वहीत मी लिही — ‘जोडणीचा दोष’. ते आनंदाने सही करत. ज्याचा सेट वाजतोय तो कशाला भांडेल? झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि मग गमरे आला.

काळाचौकीच्या चाळीत राहणारा, माझ्याच वयाचा. गिरणीत रिंगखात्याला, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होता. केसांत कापसाचं तूस, आणि बोलता बोलता मध्येच खोकला. घरच्यांसोबत नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. साच्यावर, म्हणजे विणण्याच्या खात्यात, पगार चांगला. पण तिथे त्याच्या लोकांना घेत नसत. मागाच्या धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, आणि तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडी लागतो, म्हणून. हे त्याने मला सरळ सांगितलं, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं. लालबागच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने त्याला शब्द दिला होता — स्वतःच्या हाताने जोडलेला सेट माझ्यापुढे वाजवून दाखव, कामाला घेतो. म्हणून गमऱ्याने आमचा खोका घेतला होता. "रेडिओला काय साहेब, कुणाचा हात लागला ते कळत नाय," असं म्हणून तो हसला होता.

त्याच्या सेटवरून मी नजर फिरवली. शेगडीवर आयर्न तापवून दिलेले डाग — पण काय डाग होते! एकेक ज्वारीच्या दाण्यासारखा गोल, चकचकीत. माझ्याहून चांगले. हेडफोन कानाला लावले. पुटपुट.

मी सेट उचलून आडोशाकडे निघालो. त्याने सेटवर हात ठेवला.

"हितंच खोला ना साहेब. मला बघायचंय. नुसतं वाजून काय फायदा? का वाजत नव्हतं ते मला सांगता आलं पायजे. तो लालबागवाला विचारणार."

कळलं तुम्हाला? इतक्या लोकांत एकालाच शिकायचं होतं. ज्याच्यासाठी ते टेबल खरं म्हणजे मांडलं होतं, तो हाच. आणि त्याच्यासमोर दोन तारा बदलल्या असत्या तर त्याने पुढचा प्रश्न विचारलाच असता — चिठ्ठ्या उलट कुणी लावल्या? शेजारी दामूअण्णा चहा पीत उभे होते.

मी म्हटलं, डाग कच्चे आहेत. सगळे पुन्हा द्या.

तो पुढच्या रविवारी सगळे डाग नव्याने देऊन आला. पुन्हा तेच. मी म्हटलं, तारा लांब ठेवल्यात, आखूड करा. त्याने केल्या. त्याच्या पुढच्या रविवारी मी आणखी काहीतरी सांगितलं — काय ते आता आठवत नाही. आठवत नाही हेही बघा. त्याचा अख्खा आठवडा त्यात गेला असणार.

चौथ्या रविवारी तो आकृतीचा कागद घेऊन आला. लाल आणि काळ्या टोकांपाशी त्याने पेन्सिलीने फुली मारली होती, दोन रेघा एकमेकींवरून नेल्या होत्या आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं. "साहेब, मी लय विचार केला. ह्या दोन तारा उलट करून बघितल्या तर?"

रात्रशाळेत अक्षरओळख झालेला माणूस. माझी चूक त्याने नुसत्या विचाराने शोधून काढली होती. उत्तर त्याच्या हातात होतं, त्याला फक्त माझं ‘हो’ हवं होतं.

मी हसलो. मोठ्याने हसलो, दामूअण्णांना ऐकू जाईल असा. आणि म्हटलं, "करा की! व्हॉल्व्ह जळून जाईल क्षणात. मग परत येऊ नका माझ्याकडे."

व्हॉल्व्ह म्हणजे सेटमधला काचेचा दिवा, त्या खोक्यातला सगळ्यात महाग भाग. तो त्याने कसा घेतला असेल ते मला दिसत होतं. म्हणूनच तर नेमकं ते सांगितलं. त्याने कागदाची घडी केली. "बरं झालं विचारलं," म्हणाला.

बरं झालं विचारलं!

आता तुम्ही म्हणाल, मालकाच्या भीतीने केलं असेल, नोकरीचा प्रश्न होता. मीही स्वतःला बरीच वर्षं हेच सांगितलं. पण त्याच महिन्यात दादरचे एक निवृत्त मास्तर आले होते. त्यांनी घरीच त्या तारा बदलून पाहिल्या होत्या. दुकानात येऊन माझ्या कानाशी लागून म्हणाले, "काय हो, चिठ्ठ्या उलट चिकटवल्यात वाटतं?" मी कपाळावर हात मारला, जीभ चावली, "मास्तर, तुमची नजर म्हणजे!" असं म्हणून मोकळा झालो. दोघेही हसलो. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, माझी नोकरी गेली नाही, आभाळ कोसळलं नाही. म्हणजे कबूल करणं मला जमत होतं. मास्तरांपाशी जमलं. गमऱ्यापाशी नाही. त्याने माझी चूक काढावी? त्याने? — हे होतं पोटात. हेच होतं, दुसरं काही नाही. आणि सभेत मात्र घसा बसेपर्यंत ओरडणं चालूच.

पुढच्या रविवारी तो सेट न घेता आला. जुन्या बनियनच्या फडक्यात सोल्डरिंगचं आयर्न गुंडाळून आणलं होतं. लालबागवाल्याने हेडफोन कानाला लावून नुसती मान हलवली म्हणे. गमऱ्याने आयर्न टेबलावर ठेवलं. "कुणाच्या तरी कामी येईल. आपला हात काय या कामाचा नाय, साहेब." मला राग आला असता तर बरं झालं असतं, त्याला आला असता तर त्याहून बरं. तो आभार मानत होता — एवढे रविवार मी त्याच्यासाठी दिले म्हणून.

मग दामूअण्णांनी वही पुढे केली. तक्रार उघडी राहिलेली त्यांना खपत नसे. कारणाच्या रकान्यात मी आधीच लिहून ठेवलं होतं, सुंदर अक्षरात: ‘जोडणीचा दोष. हस्तकौशल्याचा अभाव.’ गमऱ्याने ते वाचलं. बोट फिरवत, हळूहळू, शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. आणि शेवटच्या रकान्यात सही केली.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी परळ नाक्यावर केवढी गर्दी! मीही गेलो होतो, गुलालाने लाल झालो होतो. गर्दीतून कुणीतरी माझा दंड धरला. गमरे. केसांत गुलाल आणि गुलालाखाली तेच तूस. पार वाळला होता, खोकला वाढला होता. त्याने माझ्या तोंडात पेढा घातला आणि ओरडून म्हणाला, "साहेब, मिळाली ना आपल्याला मुंबई!" अजून रिंगखात्यातच का, असं मी विचारलं नाही. समोर दिसत होतं. सांगायला तेव्हाही उशीर झाला नव्हता. एक वाक्य होतं, गमरे, तुमचं बरोबर होतं. तोंडात पेढा होता. गिळला, हसलो, गर्दीबरोबर पुढे गेलो. त्यानंतर तो मला दिसला नाही. मी शोधलंही नाही. काळाचौकी गिरगावापासून काही परदेशात नाही.

दुकान बंद झालं तेव्हा दामूअण्णांच्या मुलाने ती वही मला आठवण म्हणून दिली. तुम्हीच जपा म्हणाला, तुमचीच कल्पना. कपाटात आहे. ते पान मला चाळावं लागत नाही, वही आपोआप तिथेच उघडते. ओळीत माझी सही आहे, लफ्फेदार. पुढे त्याची — नव्याने शिकलेली, सुटी सुटी अक्षरं, रेघेवर नीट बसवलेली. एकही तुटलेलं नाही. रकान्यावर लिहिलंय: समाधान झाले.