एका लग्नाला दोन गाड्या

माझे आई-बाबा एकाच लग्नाला दोन गाड्यांनी जातात. त्यांचं भांडण झालेलं नसतं.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. कुठेही अर्धा तास आधी पोहोचायचं आणि जेवण झालं की निघायचं, हा त्यांचा नियम. घाईचं खरं कारण असं, की आमच्याकडच्या लग्नांत वंदना होते, पंचशील होतं, हार घातले जातात आणि मग कुणीतरी माइकवरून म्हणतं, "साहेब, दोन शब्द बोला." बाबांना दोन शब्द बोलायची भीती वाटते. (हा गुण माझ्यात पूर्ण उतरला आहे.)

आई शाळेत गणित शिकवायची. तिचं निघणं टप्प्याटप्प्याने होतं. "येते हं" हे ती आधी खुर्चीपाशी म्हणते, मग स्टेजवर, मग हात धुताना, आणि शेवटी फाटकात उभी राहून एखाद्या आजारपणाची सविस्तर चौकशी करते. एकूण एक तास लागतो. म्हणून बाबांची लांब चंदेरी गाडी पुढे, आणि आईची लहान लाल गाडी मागून. ही लाल गाडी तिने नोकरीच्या शेवटच्या वर्षी घेतली आणि सत्तावन्नाव्या वर्षी चालवायला शिकली.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग आमच्या धनकवडीच्या सोसायटीने ठराव केला, की एका फ्लॅटला एकच पार्किंग. सेक्रेटरी स्वतः सांगायला आले.

"काकू, गाडी एक ठेवा किंवा फ्लॅट दोन घ्या," एवढं बोलून ते चहा न घेता गेले.

घरात दोन दिवस कुणी काही बोललं नाही. मी हिंजवडीला एका कंपनीत नोकरी करते. तिथे कुणी काही बोलेनासं झालं, की कुणीतरी प्रेझेंटेशन करतं. तोंडाने बोलायला मला जड जातं, पण स्लाईड मी कशाचीही करू शकते. रविवारी सकाळी मी लॅपटॉप टीपॉयवर ठेवला आणि सात स्लाईड्समध्ये सिद्ध केलं, की निवृत्त जोडप्याला दुसऱ्या गाडीची गरज नसते.

"फॉन्ट छान आहे," बाबा म्हणाले.

आई तिसऱ्या स्लाईडवर थांबली. "लाल गाडीचा वापर आठवड्यातून दोनदा, हे कुणी मोजलं?"

"मी. बाल्कनीतून."

"तू सोमवार ते शुक्रवार सकाळी आठला ऑफिसच्या बसने जातेस आणि रात्री आठला येतेस. दोनदा म्हणजे शनिवार आणि रविवार."

माझ्याकडे आठवी स्लाईड नव्हती.

"एक आठवडा करून तर बघू," बाबा मध्यस्थी करत म्हणाले. "एकच गाडी. जमलं तर लाल काढून टाकू."

आईने पदराला हात पुसले आणि लाल गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. ती एवढंच म्हणाली, "बत्तीस वर्षं मी दुसऱ्याच्या वेळेवर निघाले. शाळेच्या, बसच्या, ह्यांच्या. आता तुझ्या." ती हे चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती गणिताचं उत्तर सांगावं तसं म्हणाली.

त्याच आठवड्यात कात्रजला बाबांच्या मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं, दुपारचं. आम्ही तिघं चंदेरी गाडीतून गेलो. अर्थातच अर्धा तास आधी. हॉलचं फाटक नुकतंच उघडत होतं. बाबांनी गाडी आत घेतली आणि फाटकालगत, तोंड रस्त्याकडे करून लावली. निघताना सोपं जावं म्हणून.

लग्न लागलं. आम्ही पहिल्या पंगतीला जेवलो. हात पुसत बाबा माझ्याजवळ आले. स्टेजवर कुणीतरी माइक तपासत होतं आणि बाबांची नजर त्या माइकवर होती.

"मी रिक्षाने घरी जातो," ते म्हणाले. "आईला घाई करू नकोस. गाडी तिच्यासाठी ठेवली आहे, एवढं फक्त सांग."

काम सोपं होतं. पण आईभोवती अकरा बायकांचं कडं होतं. त्यात शिरायचं म्हणजे कुणाला तरी बाजूला हो म्हणायला हवं. मी कड्याच्या बाहेर उभी राहिले. मी इतकी शिस्तीत उभी होते, की दोन माणसं ही आइस्क्रीमची रांग समजून माझ्या मागे येऊन थांबली. शेवटी मी आईला मेसेज केला. पाच फुटांवरून. आईचा फोन पर्समध्ये होता, आणि आईच्या मते फोन सुरक्षित राहावा म्हणूनच पर्स असते.

थोड्या वेळाने आईच बाहेर आली.

"आई, बाबा..." मी सुरुवात केली.

"हो गं, माहितीये, ताटकळले असतील. म्हणून मी शोभामावशीच्या गाडीतून पुढे होते. त्यांना म्हणावं, तुम्ही खुशाल तुमच्या वेळेला निघा."

"नाही, आई, ते..."

"बघ, आज मी चारही टप्पे सोडले," असं म्हणून ती चालू लागली. आयुष्यात पहिल्यांदा माझी आई एखाद्या लग्नातून वेळेवर निघाली होती. माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत बाहेर गल्लीत लावलेली शोभामावशीची गाडी वळणावर दिसेनाशी झाली.

आता हॉलमध्ये आमच्या घराची एक गाडी आणि मी एवढे उरलो. बाबांनी गाडी आईसाठी ठेवली होती, पण किल्ली सवयीने खिशात घालून नेली होती. आणि फाटकात नवरा-नवरीची फुलांनी सजवलेली गाडी येऊन थांबली. पलीकडच्या बाजूलाही नंतर गाड्या लागल्या होत्या, त्यामुळे तिला बाहेर पडायला जागा नव्हती.

"चंदेरी गाडीच्या मालकांनी कृपया गाडी काढावी," माइकवरून आवाज आला. मी पाण्याच्या पिंपाआड सरकले. दुसऱ्यांदा नंबर सांगितला. तिसऱ्यांदा माझं नाव, शिक्षण आणि बाबांचा हुद्दा.

मी पिंपाआडून बाहेर आले. नागपूरच्या एक आत्या कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"काहून वं, इंजिनीअर आहेस ना तू? काढ ना गाडी."

"किल्ली नाहीये."

"मग ढकल."

सहा जणांनी ढकलून पाहिलं. गाडी गिअरमध्ये होती आणि हँडब्रेक पूर्ण ओढलेला होता. बाबा निष्काळजी कधीच नसतात. नवरी फुलांच्या गाडीत बसून आधी रडली, मग रडायची थांबली, आणि मग तिने आइस्क्रीम मागवलं.

मी घरी फोन केला. बाबांनी उचलला. पलीकडे खिसा चाचपल्याचा आवाज, मग दार उघडल्याचा आणि आईचा आवाज, "अहो, तुम्ही इथे कसे?"

दोघं रिक्षा बघायला खाली उतरले. पहिला रिक्षावाला कात्रज म्हटल्यावर मान हलवून निघून गेला. दुसरा जेवत होता. तिसऱ्याने मानसुद्धा हलवली नाही. लाल गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये होती, आणि मी हॉलच्या फाटकात आत्यांसमोर होते.

गाडीला किल्ल्या दोन असतात, हे माझ्या स्लाईड्समध्ये नव्हतं. पंचवीस मिनिटांनी लाल गाडी वळणावर दिसली. आईने ती अरुंद गल्लीत, बाकीच्या गाड्यांच्या मधून, एका झटक्यात मागे घेऊन लावली. शेजारच्या सीटवर बाबा होते. इतक्या वर्षांत ते त्या सीटवर कधी बसलेच नव्हते. त्यांनी खिडकीवरची मूठ धरली होती, पण उतरताना ती सोडून ते आईकडे थोडा वेळ बघत राहिले.

"कुठे शिकलीस गं असं?"

"तुम्ही पुढे निघून जायचात ना," आई म्हणाली, "तेव्हा."

फुलांची गाडी गेली. परतताना मी आईबरोबर बसले. कात्रजच्या चौकात सिग्नलला मी म्हटलं, "सॉरी." आईने गिअर बदलला. "तू मोजलंस ते बरोबर मोजलंस," ती म्हणाली. "फक्त मला विचारलं नाहीस." मी खिडकीबाहेर बघत बसले. मी आईला रोज बघते आणि तिच्याबद्दल मला सगळं माहीत आहे असं धरून चालते. न बोलणाऱ्या माणसांना हा रोग असतो. बघितलं की कळलं, असं आम्हाला वाटतं.

संध्याकाळी चहाच्या वेळी बाबा म्हणाले, "चंदेरी विकूया."

आईचा कप हातातच राहिला. "अहो, ती तुमची गाडी आहे."

"मी सगळीकडे लवकर जातो आणि लवकर येतो. त्याला रिक्षा पुरते. तुझं निघायचं वेळापत्रक कुठल्याच रिक्षावाल्याला झेपणार नाही." मग त्यांनी कप खाली ठेवला. "ऑफिसची जीप गेल्यावर उगाच एवढी मोठी घेतली मी. तिच्यात बसलं की अजून कुणीतरी सलाम करेल असं वाटायचं."

आईने त्यांच्या कपात अजून थोडा चहा ओतला.

दुसरी गाडी ठेवायची की नाही, याची मी सात पानं केली होती. त्यातली दुसरी कुठली, हे मात्र मी कुणालाच न विचारता ठरवून टाकलं होतं.

चंदेरी गेली. आईने जाहीर केलं, की आता घरात गाडी एक आहे, तर ती चालवणारी माणसं दोन हवीत. म्हणून दर रविवारी ती मला शिकवते. क्लच जमला, गिअर जमले. हॉर्न मात्र अजून जमत नाही. समोरच्याला वाईट वाटेल असं वाटतं. परवाच्या रविवारी, आई शेजारी बसलेली असताना, सिग्नल हिरवा झाला, पण पुढच्या रिक्षावाल्याचा डोळा लागला होता. मागे सगळा सातारा रस्ता बोंबलत होता. मी त्याला झोपू दिलं आणि तीन सिग्नल थांबले. चौथ्याला तो आपण होऊन जागा झाला, मागे वळला आणि मला म्हणाला, "ताई, गाडी बंद पडली का? धक्का देऊ?"

मला नाही म्हणता आलं नाही. त्याने आम्हाला थेट घरापर्यंत ढकलत आणलं.