चौथ्या खंडातलं मुकं पान

माझी मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. प्रवेश परीक्षेत दुसऱ्यांदा अपयश आल्यापासून घरात ती तीनच शब्द बोलायची: हो, नको, जेवले. दर रविवारी दुपारी मात्र आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरात, विजय नगरातल्या एका कॅफेत ती दोन तास बोलते, असं तिच्या मैत्रिणीकडून कळलं. विषय एकच, तेरा खंडांची एक मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा. एक शाळकरी मुलगी छातीवरची पिन दाबते, जादूचा पोशाख चढतो, ती शहर वाचवते आणि सकाळी वर्गात हजर असते. घरी कुणाला पत्ता नसतो.

"मी येऊ?" मी विचारलं.

"सगळं वाचून ये. ग्रुपचा रूल आहे."

चार महिन्यांतलं तिचं हे सगळ्यात लांब वाक्य होतं. मी तेराही खंड वाचले. मांगा उजवीकडून डावीकडे वाचायची असते. संवाद असले की चूक लगेच लक्षात यायची, मग सवय झाली. निदान मला तसं वाटलं.

कॅफेत आम्ही चौघं होतो: आम्ही दोघी, दातांच्या कॉलेजात शिकणारी ती मैत्रीण आणि एक आयटीवाला.

"सातवा खंड पूरा टाइमपास आहे," आयटीवाला म्हणाला. "हरायला आली की नवी पॉवर. रिचार्ज मारते का ही?"

"आणि तिची आई?" मैत्रीण म्हणाली. "पोरगी रोज खिडकीतून उडते आणि आईला तेरा खंड पताच नाही. काकूजी, असं होतं का?"

मुलीनं चौथा खंड माझ्यासमोर सरकवला. एका पानात खुणेची चिठ्ठी होती. शेजारीशेजारी चार उभ्या चौकटी, शब्द एकही नाही.

"तू सांग," ती म्हणाली.

मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर इतरांच्या बातम्या तपासत वीस वर्षं काढली आहेत. क्रमानं मांडलं. मुलगी खाटेवर रडते आहे. दाराखालची फट रिकामी आहे. मग फटीत दोन पावलांची सावली दिसते. शेवटी टकटक करायला उचललेला आईचा हात. "म्हणजे रडणं ऐकून आई आली," मी म्हणाले. "तिला माहीत होतं."

"काकूजी, आप उल्टा पढ़ रही हो!" मैत्रीण हसली. "उजवीकडून बघा. पहिले आई हात उचलते. मग सावली. मग सावली गेली. मग ती रडते."

"लो भिया, पूरी थ्योरीच गेली," आयटीवाला म्हणाला.

मुलगी हसली नाही. "ती आली होती," ती म्हणाली. "आत यायचं नव्हतं तिला."

"नव्हतं, असं चित्रात कुठे आहे?" मी विचारलं. डेस्कवर रोज विचारते तसं.

ती पानाकडे बघत राहिली. "नाहीये," म्हणाली आणि खंड मिटला.

निकालाच्या दिवशी मी तिच्या दाराशी गेले होते. हात उचलला होता. माझी ड्यूटी चारला लागते. पावणेचार झाले होते. मी खाली उतरून स्कूटर काढली. दाराखालच्या फटीत आलेली आणि गेलेली माझी सावली तिनं आतून पाहिली असेल, हे मला कॅफेतून घरी येताना, तिच्या मागे दहा पावलांवर चालताना सुचलं.

पुढच्या रविवारी ती गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. महिनाभरानं मैत्रीण येऊन तेराही खंड घेऊन गेली. मुलीनं ते खोलीबाहेर रचून ठेवले होते. त्याआधी मी चौथा उघडून पाहिला. चिठ्ठी काढलेली होती.

आता मी रोज साडेतीनला दारावर टकटक करते. "जेवलीस?" "जेवले." आमच्या पॅसेजमधला दिवा दिवसाही लावावा लागतो, म्हणजे माझ्या पावलांची सावली आत पडत असणार. मी उभी राहते. दाराला आतून कडी असते. मग पावणेचार होतात.