"पुढचं पडद्यावर पाहा" म्हणे!

मंडळी, आज डोकं फिरलंय. सांगितल्याशिवाय चैन पडायची नाही.

जुने मूकपट धुंडाळायचं माझं वेड तुम्हाला माहीत आहेच. सकाळी नेकनूरला गेलतो. तिथं ऐंशी पार केलेल्या ज्ञानोबाकाकांच्या ट्रंकेत, झाकणाला आतून चिकटवलेली एका मूकपटाची जाहिरात सापडली. निजामाच्या अमदानीतली! अख्खी गोष्टच छापलेली. सावत्र भाऊ नायिकेला आडात ढकलतो, वरून दोर कापतो आणि...

आणि खाली ठळक अक्षरांत, "पुढे काय झाले ते पडद्यावर पाहा!"

अहो, कुठल्या पडद्यावर? दुपारभर काकांच्या ओसरीवरूनच दहा जणांना फोन लावले. सिनेमाचं नावसुद्धा कुणी ऐकलेलं नाही.

काका म्हणाले, "माझ्या बानं बघितलता की तंबूत."

मी उडालोच. "मग शेवट काय होता?"

"बा दरवेळी येगळाच सांगायचा. कधी वाचायची, कधी मरायची."

मी कपाळाला हात लावला. निघताना काकांनी माझं मनगट धरलं. "तुमी सिनेमातले जाणकार. ल्हानपणापसून इचारायचं व्हतं. खरं सांगा, वाचली का वो ती?"

"वाचली," मी ठोकून दिलं. काका लई खूश झाले.

आणि मी तेव्हापासून स्वतःवरच चिडलोय. तुम्ही काय सांगितलं असतं?